सासूबाईंचं विमान हाकलणारा जावई

याउ चुंग-हिनचं आणि त्याच्या सासूबाईंचं पंचवीस वर्षांत एक दिवस पटलं नाही. लग्नाच्या बोलणीतच बाईंनी विचारलं होतं, "करतोस काय?" हा भाबडेपणाने म्हणाला, "विमानतळावर वारा बघतो." बाई फटकन म्हणाल्या, "तो तर आमचा बोकाही बघतो, तेही फुकट!" झालं! सगळं सासर आजतागायत हसतंय.

त्या दिवशी बाईंचा सत्तरावा वाढदिवस. धाकट्या लेकीकडे पेनांगला गेलेल्या बाई दुपारच्या विमानाने हाँगकाँगला परतत होत्या. संध्याकाळी हॉटेलात बारा टेबलं सांगितलेली, दीर्घायुष्याच्या, न तोडता खायच्या लांबच लांब शेवया ठरलेल्या. त्यांच्याकडे वाढदिवस आधी केला तर चालतो. दिवस उलटल्यावर करणं म्हणजे अपशकुन.

"आज तुमचं ते रडार-बिडार आवरा हं," बायको फुंग-यीने सकाळीच बजावलं. "आई वेळेवर उतरली पाहिजे."

"वारा काय माझ्या खिशात आहे?"

सव्वातीनला विमानतळाशेजारच्या लांताऊच्या डोंगरामागून काळा ढग चढला. रडारच्या पडद्यावर धावपट्टीच्या तोंडाशीच हिरवा आणि लाल रंग एकमेकांना चिकटून उमटले. ढगातून कोसळलेला वारा जमिनीवर आपटून दोन्हीकडे पळत होता. उतरतं विमान त्यात शिरलं, की आधी वारा समोरून उचलतो आणि क्षणात पाठीमागून येऊन आधारच काढून घेतो. यंत्राचा इशारा अजून पिवळाच होता. लाल, म्हणजे 'उतरू नका', द्यायचा तर चुंग-हिनने द्यायचा. आणि रांगेत पहिलं विमान होतं पेनांगचं!

"दोन मिनिटं वाट बघू या का?" शेजारच्या पडद्यावरची सहकारी सिउ-वाई हळूच म्हणाली.

"दोन मिनिटांत ते त्या वाऱ्यात असेल गं."

बारा टेबलं त्याच्या डोळ्यांसमोर नाचली. त्याने लाल इशारा दिला. विमान उतरता उतरता वैमानिकाने वर घेतलं, ते घिरट्या घालत राहिलं आणि शेवटी मकाऊला गेलं. इकडे मिनिटभरात पडद्यावरचा वाऱ्याचा आकडा दुप्पट झाला होता, पण तो बघायला सासर थोडंच येणार!

"उगवलात ना सूड!" हॉटेलात फुंग-यी कडाडली. पाहुणे चहा पिऊन पिऊन कंटाळले होते. चुंग-हिन मान खाली घालून त्यांच्या कपांत आणखी चहा ओतत राहिला.

साडेआठला बाई मकाऊहून बसने आल्या, त्या तडक त्याच्यापुढे.

"तूच ना रे माझं विमान हाकललंस?"

"हो, आई."

"माझे वडील ताइ-ओ गावचे कोळी," बाई म्हणाल्या. "वारा फिरला की होडी वळवायचे. लोक भित्रा म्हणायचे. फक्त माझ्या सातव्या वाढदिवशी वळवली नाही. त्या दिवशीच्या शेवया तशाच राहिल्या."

त्यांनी परातीतल्या पहिल्या शेवया उचलून चुंग-हिनच्या वाडग्यात घातल्या.

"खा. आणि तोडू नकोस." मग डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या बोक्याला नसतं हो जमलं हे."