भावोजींची पहिली निवड

माझे भावोजी, मुरलीधर वाकणकर, हे फार सरळ गृहस्थ होते. इतके सरळ की आसपासच्या माणसांना त्यांची कड लागून रक्त यायचं. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. गिअरचे दाते मोजायचे आणि केसभर फरक दिसला की माल परत पाठवायचे. घरी आल्यावरही तेच. यमुनाताईने केलेल्या पोळीकडेसुद्धा ते आधी बघायचे, मग खायचे.

१९८९ साली माझा नवरा मोहन त्यांच्याच कारखान्यात मुलाखतीला गेला. मुलाखत घेणाऱ्या तिघांत भावोजी होते. मोहन आत शिरला तसे भावोजी उठले, "हा माझा साडू आहे, मी मत देणार नाही" म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. उरलेल्या दोघांना वाटलं, ज्याअर्थी घरचा माणूस उठून गेला त्याअर्थी यात काहीतरी खोट असणार. नोकरी दुसऱ्याला मिळाली. मोहनने पुढे सोळा वर्षं बस चालवली. भावोजींना मी तोंडावर बोलले होते, "वशिला नका लावू हो, पण निदान खुर्चीवर बसून तरी राहायचं!" ते म्हणाले, "सुलक्षणा, उद्या लोकांनी म्हटलं असतं, आपल्या माणसाची वर्णी लावली." लोक! वीस वर्षं मी या माणसाचे लोक शोधतेय, मला अजून एकही भेटलेला नाही.

यमुनाताई, माझी थोरली बहीण, नागपूरला कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होती. इकडे नर्स म्हणून आली आणि १९९० साली तिने बायकांची टीम काढली. चार मराठी बायका, तीन तिच्या वॉर्डातल्या नर्सेस. नागपूरची म्हणून केशरी जर्सी आणि नाव ऑरेंजेस. दर रविवारी सकाळी लेझर सेंटरचा, म्हणजे म्युनिसिपालिटीच्या क्रीडाकेंद्राचा, हॉल आमचा असायचा. तिची मुलगी वैभवी दहा वर्षांची झाल्यापासून आमच्याबरोबर यायची, आमचं संपलं की एकटी बास्केटखाली उभी राहून बॉल टाकत बसायची. ताई तिला म्हणायची, "अठराची हो, मग घेते तुला." लीगचा नियमच तसा होता, अठराच्या आत नाही.

२००१ साली ताई कॅन्सरने गेली. वैभवी तेरा वर्षांची. भावोजी त्यानंतर रडलेले मी पाहिले नाहीत. त्यांनी लायब्ररीतून बास्केटबॉलची तीन पुस्तकं आणली आणि टीमचे कोच झाले. आयुष्यात कधी बॉल हातात न धरलेला माणूस! पण पाच वर्षांत एक रविवार चुकवला नाही. ताईचं काहीतरी जिवंत ठेवायचं, एवढंच त्यांना कळत होतं. ताईची जिवंत मुलगी घरात होती, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

टीम तोवर म्हातारी झाली होती. कोणाचे गुडघे गेले, कोणी कार्डिफला गेलं, कोणाला नातवंडं झाली. दोन वर्षं आम्ही सहा टीममध्ये सहाव्या आलो. आमच्या लीगमध्ये एक पद्धत होती, अमेरिकेतल्या मोठ्या लीगवरून उचललेली. सप्टेंबरमध्ये नव्या खेळाडू नावं द्यायच्या, आणि गेल्या वर्षी जी टीम शेवटची, तिने त्यांतली पहिली निवडायची. दुबळ्याला आधी ताट, असं. हवं तर ही पहिली निवड दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात त्यांची एखादी खेळाडू घेता यायची. आणि तिसरा नियम असा की लागोपाठ तीन वर्षं शेवटी राहिलं की लीगमधून बाहेर आणि रविवारचा हॉलही गेला.

२००६ च्या सप्टेंबरात पहिली निवड आमची होती. आणि नव्या अकरा जणींत वैभवी होती, नुकती अठरा पूर्ण झालेली. तिच्याइतकी चांगली दुसरी कोणी नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणजे काही ठरवायचंच नव्हतं ना? पण ब्रेंडा नावाची बाई, एका बँकेच्या टीमची कोच, तिने भावोजींना फोन केला. तुमची निवड आम्हाला द्या, आमची मार्शा घ्या. मार्शा तेहतीस वर्षांची, अनुभवी, एकटी वीस पॉइंट काढणारी.

लेझर सेंटरच्या कॅफेत आम्ही सात जणी बसलो. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेली मीनल, सॉफ्टवेअरवाली, ती तावातावाने म्हणाली, "काका, आपण टीम नव्याने बांधतोय ना? मग पहिली निवड कशी काय देऊन टाकायची? मार्शा दोन वर्षं खेळेल. वैभवी दहा वर्षं खेळेल!"

"यंदा शेवटी आलो तर दहा वर्षं कुठे खेळणार?" दुसरी म्हणाली. तेही खोटं नव्हतं. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, चहा निवला.

मग भावोजी उठले. "मी मत देणार नाही. ती माझी मुलगी आहे. तुम्ही ठरवा. एकच सांगतो, माझी मुलगी म्हणून कोणी हात वर करू नका." आणि बाहेर जाऊन व्हेंडिंग मशीनपाशी पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

बाप्पा! हे असं बोलून गेल्यावर वैभवीसाठी हात वर करायचा म्हणजे जणू चोरीच करायची. तरी मीनलने केला, दोन नर्सेसनी केला. तीन. मार्शासाठी तीन. आणि मी राहिले.

आता खरं सांगते. मी तिची सख्खी मावशी. पण मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि ज्या जागी मी खेळायचे, त्याच जागी वैभवी खेळायची. ती आली असती तर मी बाकावर बसले असते. मला एक शेवटचं वर्ष खेळायचं होतं, जिंकायचं होतं. मी मार्शासाठी हात वर केला. भावोजींना नावं ठेवते ना मी? त्यांनी निदान लोकांना घाबरून केलं. मी स्वतःसाठी केलं.

निवडीच्या दिवसापर्यंत वैभवीला कोणी सांगितलं नाही. मी भावोजींना विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांना एकाच वेळी कळायला हवं. घरच्या मुलीला आधी कळलं तर बाकीच्या दहा जणींवर अन्याय." मी तरी कुठे सांगितलं? उद्या सांगू, परवा सांगू करत आठ दिवस गेले.

रविवारी सकाळी अकरा मुली बाकावर बसल्या होत्या. सेक्रेटरीने कागद वाचला, "पहिली निवड, ऑरेंजेस." वैभवी उभी राहिली. हसत. स्वेटर काढला तर आत ताईची जुनी केशरी जर्सी, खांद्यावर ढगळ झालेली. तेवढ्यात सेक्रेटरीने पुढची ओळ वाचली की ही निवड बँकेच्या टीमला दिलेली आहे. ब्रेंडा आनंदाने ओरडली, "वैभवी!" पोर तशीच उभी. तिने भावोजींकडे बघितलं. ते हातातल्या कागदाकडे बघत होते. मग तिने स्वेटर परत घातला, वरपर्यंत ओढून घेतला आणि ब्रेंडाकडे गेली. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

घरी ती भांडली असेल असं वाटलं होतं. नाही भांडली. स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, बँकेच्या टीमच्या प्रॅक्टिसला जाऊ लागली. त्याचीच मला भीती वाटली. मीच एकदा तिला बसस्टॉपवर गाठलं आणि म्हटलं, "बाबांच्या मनात तसं नव्हतं गं."

ती म्हणाली, "मावशी, ब्रेंडा मला ओळखत पण नव्हती. तरी तिने मला निवडलं. इट्स फाइन."

मार्शा बिचारी प्रामाणिकपणे खेळली. ख्रिसमसपर्यंत आम्ही चार सामने जिंकलो, मी स्वतः दोन वेळा शेवटचा बास्केट टाकला, आणि मनाशी म्हटलं, बघा, चुकलं नव्हतं. जानेवारीत मार्शाचा घोटा मोडला. मग आम्ही हरत हरत खाली आलो. मे महिन्यात शेवटचा सामना उरला. तो जिंकलो तर पाचवे, हरलो तर बाहेर. समोर बँक.

वैभवीला धरायचं काम माझं होतं. मी काय धरणार तिला! माझा श्वास फुलायचा आणि ती पुढे गेलेली असायची. तरी आम्ही कसेबसे बरोबरीत राहिलो. नऊ सेकंद उरले असताना ती बास्केटकडे निघाली आणि मी तिला आडवी गेले, चक्क कमरेला मिठी मारली. फाउल. तिला दोन फ्री थ्रो, कोणी आड न येता टाकायचे.

तिने बॉल आपटला, आणि मान वळवून बापाकडे बघितलं. मी तिच्या शेजारी उभी होते, मला तिचे डोळे दिसले. राग नव्हता त्यात. ती विचारत होती. त्यांनी नुसती मान हलवली असती, साधं "नको" म्हटलं असतं, तर त्या पोरीने दोन्ही बॉल भिंतीवर मारले असते, माझी खात्री आहे. भावोजी पाठीमागे हात बांधून उभे होते, तोंडावरची माशीही हलली नाही.

पहिला आत गेला. दुसरा रिंगवर फिरून आत गेला. ऑरेंजेस संपली.

पार्किंगमध्ये आम्ही सगळ्या रडत होतो. भावोजी वैभवीपाशी गेले. मला वाटलं, आता तरी. ते म्हणाले, "दुसऱ्या थ्रोला कोपर बाहेर जात होतं." ती "ओके, बाबा" म्हणाली आणि टीमच्या मिनीबसमध्ये बसली. त्या सप्टेंबरात ती कार्डिफला फिजिओथेरपी शिकायला गेली. रविवारी फोन करायची, पाच मिनिटं. भावोजी रविवारी सकाळी कपडे करून खुर्चीवर बसायचे. जायला हॉल नव्हता. मी एकदा त्यांना विचारलं, तिची आठवण येते का? म्हणाले, "तिने कधी विचारलंच नाही, ती निवड का दिली म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"माहीत नाही," ते म्हणाले.

२००९ च्या नोव्हेंबरात त्यांच्या फुप्फुसांत पाणी झालं. वैभवी कार्डिफहून आली, दुपारी वॉर्डात पोहोचली, कोट न काढता त्यांच्या पायांशी उभी राहिली. नर्स फॉर्म भरत होती. उद्या तुम्हाला बोलता आलं नाही तर निर्णय कोणाला विचारायचा, नाव सांगा.

भावोजींनी माझ्याकडे बोट केलं. "सुलक्षणा."

"भावोजी!" मी ओरडलेच. "लेक उभी आहे समोर तुमची!"

"ती लहान आहे," ते धापा टाकत म्हणाले. "तिच्यावर हे टाकलं, तर लोक काय म्हणतील."

नर्स पेन घेऊन थांबली होती. वैभवी पाण्याचा रिकामा जग उचलून बाहेर गेली. मी फॉर्म तिच्यासाठी ठेवू शकले असते. पण आजारी माणसाशी वाद कुठे घालायचा, असं मी मनाला सांगितलं, आणि सही केली.

वैभवी परीक्षेसाठी कार्डिफला परत गेली. तिसऱ्या दिवशी भावोजींची शुद्ध गेली, त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं; परीक्षा होऊ दे, मग कळवू, म्हणून मी वैभवीला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता यंत्रावर ठेवण्यात अर्थ नाही, म्हणाले, पण घरच्यांचं मत काय? मी म्हटलं, काढा. सकाळचे अकरा वाजले होते. अर्ध्या तासात ते गेले, आणि मग मी कार्डिफला फोन लावला.

वैभवीने सगळं ऐकून घेतलं. किती वाजता, कोण होतं जवळ, त्रास झाला का. मग म्हणाली, "मावशी, मला विचारलं असतं तर मी 'काढा' म्हटलं नसतं."