साबणात टोचलेल्या टाचण्या

फोन मीच लावलता. महालक्ष्म्या बसवायचा दिवस, औरादला रेणूअक्काच्या सासरी सगळा गोतावळा जमलेला, आणि मी इकडं कलबुर्गीत पीजीच्या खोलीत परीक्षेची पुस्तकं पसरून. म्हटलं, व्हिडिओ कॉलवर तरी साड्या बघाव्यात. फोन अक्काच्या सासूबाईंनी धरलता, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यामुळं अर्धा वेळ छताचा पंखाच दिसायलता. मग अक्का दिसली. धाकट्या महालक्ष्मीच्या निऱ्या घालायलती. तोंडातली टाचणी काढून म्हणली, "आलीस का गं? बघ, ह्या बाईचं पोट सुटलंय, निऱ्याच बसनात!" आणि हसली. तिचं शेवटचं धड वाक्य हेच... देवीच्या पोटावरचा विनोद.

मग तिच्या हातातली टाचणी पडली. ती उचलायला वाकली, पण उजवा हात तिथवर पोचेचना. काहीतरी बोलली, त्यात शब्दच न्हाईत, नुसता आवाज. तोंड एका बाजूला गेलेलं, नजर मुखवट्यावर रुतलेली. आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी हात जोडले. "आली गं माय, आली! बोल माय, आमचं काय चुकलं?" कुणी तिच्या कपाळाला मळवट भरला, कुणी ओटी भरायला धावलं. मी इकडून ओरडायलते, "मावशी, अंगात न्हाई आलं! तोंड वाकडं झालंय तिचं, दवाखान्यात न्या!" पण मावशींनी हात जोडायसाठी फोन पाटावर उलटा ठेवलता. मला नुसता अंधार दिसायलता आणि आरती ऐकू यायलती. माझी अक्का आत कुठंतरी बुडायलती, अन् तिच्यापुढं कापूर लावायलेत लोक...

मी कॉल तोडून भावजींना लावला. ते पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलते. ते घरी येऊन तिला गाडीत घालून बीदरला पोचेपर्यंत फार उशीर झालता.

आता मागचं सांगते. आमचं माहेर मेहकर, बीदरकडचंच. अक्का माझ्याहून बरीच मोठी, तिनंच मला अंगाखांद्यावर खेळवलं. औरादच्या शाळेत शिकवायची. पोरांना रागवायची कानडीत, लाड करायची मराठीत आणि भाजीवाल्याशी भांडायची दखनीत, "क्या भैया, सोना तोलरे क्या!" तिच्या हातात साडी नेसवायची जादू होती. महालक्ष्मी, नवरात्रातली देवी, नवरी, शाळेच्या गॅदरिंगमधली जिजाऊ, सगळ्यांना अक्काच पाहिजे. टाचण्या ती अंगाच्या साबणाच्या तुकड्यात टोचून एका गोल डबीत ठेवायची. साबणातली टाचणी रेशमातून सरकन जाते, धागा ओढत न्हाई, हे तिचंच डोकं.

पण सगळ्यांना पाहिजे म्हणजे सणाच्या दिवशी ती 'बाहेरची' असून चालायचं न्हाई. पाळीत देवाला शिवायचं न्हाई ना! दुसऱ्या बाळंतपणानंतर तिनं मेडिकलमधून मूल न होऊ द्यायच्या गोळ्यांचं पाकीट चालू केलतं. त्यातल्या शेवटच्या रंगीत गोळ्या सोडून लगेच नवीन पाकीट फोडलं की पाळीच येत न्हाई, हे कुठल्यातरी जावेनं तिला सांगितलं. मग काय, श्रावण, महालक्ष्म्या, नवरात्र, लग्नसराई... माहेराहून आमच्या काकूंचा फोन यायचाच, "रेणू, तारीख बघून घे हं, तुझ्याबिगर कसं व्हायचं?" अक्का म्हणायची, "काकू, देवाचं कॅलेंडर माझ्या पर्समध्ये हाय!" आम्ही सगळ्या हसायचो.

यंदा उन्हाळ्यापासून तिचं डोकं दुखायलतं. अर्धंच. दुखायच्या आधी म्हणायची, "डोळ्यापुढं जरीचा काठ चमकायलाय बघ, वाकडातिकडा." आई म्हणायची पित्त. मावशी म्हणायच्या नजर लागली, दृष्ट काढायच्या. त्या दिवशी तर तिनं पाणीसुद्धा न पिता उपास धरलता.

बीदरच्या डॉक्टरांनी भावजींना विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" भावजी म्हणले, "कसल्याच न्हाईत डॉक्टर, तिला साधी बीपी बी न्हाई." खोटं न्हाई बोलले ते. ते पाकीट आमच्याकडं गोळ्यांत धरतच न्हाईत. मी बसनं पोचले तेव्हा डॉक्टर स्कॅन दाखवायलते, मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ. मी पाकिटाचं सांगितलं. डॉक्टर म्हणले, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं काही चमकायचं का?"

मी म्हटलं, "जरीचा काठ..."

ते म्हणले, बहुतेक बायकांना या गोळ्यांनी काही होत न्हाई. पण असं चमकून डोकं दुखत असलं, बीपी असली, घरात कुणाला गाठ झालेली असली, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या न्हाईत. "यांना दुसरं काहीतरी देता आलं असतं," एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. तिला हैदराबादला हलवायची तयारी चाललती, तेवढ्यात अक्का गेली. कपाळावरचा मळवट पुसायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.

नवरात्रात मी मेहकरला होते. घट बसायच्या सकाळीच माझी पाळी आली. मी आपली उंबऱ्याबाहेर बसले. काकू म्हणल्या, "अगं, आधी सांगायचं न्हाई व्हय? गोळी तरी घेतली असतीस की. आता देवीला साडी कोण नेसवणार?"

आई अक्का गेल्यापासून कामापुरतंच बोलायची. ती उठली, आत गेली, मावशींनी पाठवलेली अक्काची डबी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"नेसव."

"आई, मी बाहेरची हाय."

"म्हाईत हाय मला. नेसव."

काकू म्हणल्या, "वैनी, देवाचं हाय ते..."

"एक पोरगी दिलीय मी देवाला. आता दुसरीची पाळी त्यानं बघून घ्यावी."

मी आत गेले. डबी उघडली, तर साबणाचा वास आला, अक्काच्या बोटांना यायचा तोच. टाचण्या ओळीत टोचलेल्या, फक्त एक भोक रिकामं. ती त्या दिवशीची, अक्काच्या हातातून पडलेली, कुणाला सापडलीच न्हाई. मी निऱ्या घालायलते, त्या बसनात. परत घातल्या, परत सुटल्या. मागं वळून विचारणार होते, अक्का, पहिली टाचणी कुठं लावायची गं...

दारात आई उभी होती. तिला बी म्हाईत नव्हतं.