दिसतं तेवढंच काढायचं

माझी बहीण चिमी शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सामान मांडते. कागदावर पद एवढंच. पण तिथे आजवर आठ बाई नि तीन सर येऊन गेले, विषय शिकवला तो हिनेच. कुणालाही विचारा. मी सातवीतून सुटलेला पाण्याच्या पंपाचा मेकॅनिक, तरी पेशीपासून पोटापर्यंत सगळं मला तोंडपाठ, ते तिच्यामुळे. पेशी म्हणजे खोली. एकसारख्या खोल्यांची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था. आणि सगळ्या संस्था न भांडता चालल्या की माणूस. जेवता जेवता शिकवायची. घास तोंडात असताना म्हणायची, "दादा, आता पचनसंस्था सुरू झाली हं, बोलू नकोस."

आईवडील गेले तेव्हा ती नऊची, मी एकोणीसचा. मीच वाढवली. बढाई नाही, खरं आहे.

प्रयोगशाळेत एक प्लॅस्टिकचा माणूस आहे, पोट उघडून आतलं सगळं बाहेर काढता येतं. त्याची प्लीहा मुलींनी हरवली. शाळेकडे नवी मागून थकली, मग चिमीने धुण्याच्या साबणाची कोरून बसवली. एका मुलीने विचारलं, "ताई, ही साबणाची का?" तर म्हणे, "हो, म्हणून तुमच्यापेक्षा स्वच्छ."

आणि तिचा एक नियम. सूक्ष्मदर्शकातून बघताना दिसतं तेवढंच काढायचं. पुस्तकातली आकृती उतरवली की शून्य. मला टोमणा मारायची, "दादा, तू काढलंस तर एका पेशीच्या चार करशील."

रक्ताचा धडा आला की पंचाईत. मुलींच्या बोटाला टोचायला शाळेत बंदी, नि विकतच्या जुन्या काचपट्ट्या रंग उडून पांढऱ्याफटक पडलेल्या. मग ही दरवर्षी स्वतःच्या बोटाला टोचायची, थेंब काचेवर पातळ पसरायची, रंग द्यायची; त्या रंगात पांढऱ्या पेशी जांभळ्या उठतात. अकरा वर्षं. अख्ख्या गावातल्या वह्यांत माझ्या बहिणीचं रक्त आहे. आहे कुणाची अशी बहीण?

यंदा नव्या बाई वह्या तपासत होत्या. त्या भडकल्या. "लाल पेशींच्या गर्दीत पांढरी एखादीच असते. हा जांभळ्या ठिपक्यांचा बाजार कुठून आणलात? सगळ्यांचं चूक!"

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, दिसतंय तेवढंच काढलंय."

चिमी कोपऱ्यात नळ्या धूत होती. हात पुसले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावला. मग बाईंना म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. पूर्ण गुण द्या."

भर दुपारी माझ्या गॅरेजात आली आणि पंपाच्या रिकाम्या खोक्यावर बसली.

"दादा, माझ्या रक्तात कच्च्या पेशी आल्यात. खूप."

"कच्च्या आहेत तर पिकतील की!"

ती हसली. इतकी हसली, आणि मग रडायला लागली ती थांबेना.

दोन महिने तिच्या दंडावर निळे डाग होते. जिना चढताना धाप लागायची. मी म्हणायचो, टेबलाला धडकली असशील, दूध पी. पंपाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा मी. घरातला ऐकू आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. हाडांच्या आत रक्त बनवायचा कारखाना असतो, तो बिघडलाय. औषधं देऊन पार रिकामा करायचा आणि दुसऱ्याचं बी पेरायचं. सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता चारात एक.

"ती एक माझीच," मी म्हटलं. "हिच्यात जे आहे ते मीच घातलंय."

"दादा, मी तुझी मुलगी नाहीये," चिमी पलंगावरून म्हणाली.

मी अर्धा जुळलो. जन्मात कशात अर्धा निघालो नव्हतो. पुन्हा तपासा म्हटलं. त्यांनी तपासलं. अर्धाच.

"अर्ध्यावरही करतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिचं शरीर तुमच्या पेशींना हाकलेल, किंवा तुमच्या पेशी तिच्यावर उठतील. दुसरं कुणी जुळत नाही, आणि थांबायला वेळ नाही. अठ्ठावीस दिवसांत रुजल्या तर रुजल्या."

पाच दिवस मी पेशी वाढवायची इंजेक्शनं घेतली. मग एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात पेशी गाळून, दुसऱ्या हातातून परत आत. पंपाचाच धंदा. फिकट विटेच्या रंगाची एवढीशी पिशवी निघाली. माझ्या जिवाचा ऐवज पाव लिटरसुद्धा भरला नाही.

ती पिशवी चिमीच्या शिरेत सोडली, आणि नंतर चिमी काचेच्या खोलीत. केस गेलेले, तोंड आतून सोललेलं, पाणी गिळतानाही डोळ्यांतून धार. मी बाहेर, मध्ये फोन. रोज विचारायची, "पांढऱ्या किती झाल्या?" तपासणीच्या कागदावर शून्य. मी म्हणायचो, दोनशे. पाचशे. आठशे.

पेरणीच्या पंधराव्या दिवशी म्हणाली, "आठशे असत्या तर तोंडातले फोड वाळायला लागले असते. किती आहेत?"

मी तपासणीचा कागद घडी करून खिशात कोंबला.

"दादा, इथे मला काहीच दिसत नाही. माझा डोळा तू आहेस. तूच खोटं बोललास तर मी आंधळीच मरेन."

"शून्य," मी म्हटलं. "रोज शून्य."

तिने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी त्या काचेला कपाळ टेकून उभा राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. घरी बायकोने ताट वाढलं, मी हात धुऊन तसाच उठलो. देवाला म्हटलं, मला पुरता रिकामा कर. मग आठवलं, पेरायचं होतं ते तर पेरून झालंय. आता माझ्या हातात काही नाही. पंप असता तर खोलून बसलो असतो.

सोळावा, सतरावा. शून्य.

अठराव्या दिवशी कागदावर शंभर आलं. तिला सांगितलं.

"फुगवून?"

"नाही गं."

"मला खरं नाही वाटत. खाली जाऊन रक्ताची काच बघ. स्वतः."

खाली रक्त तपासायला बसते ती मुलगी चिमीच्याच प्रयोगशाळेत शिकलेली. मी चिमीचं नाव सांगताच तिने स्टूल सरकवलं. काच कशी सरकवायची ते दाखवलं. अर्धा तास बघितलं. लाल, लाल, नुसत्या लाल. डोळा दुखायला लागला. वाटलं, पेशी मोजणारं यंत्रच खोटं बोललं असेल. आणि कोपऱ्यात एक जांभळी सापडली. आजूबाजूला शोधशोध शोधलं. दुसरी नव्हती.

वहीचं पान घेतलं. माझा हात, काय सांगू, चार काढायला शिवशिवत होता. भिंतीकडे वळलेलं तिचं तोंड डोळ्यांसमोर होतं. चार काढल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पान काचेला लावलं. ती कोपरावर उठली.

"एकच?"

"दिसली तेवढी काढली."

"केंद्रक गोल आहे का तिचं?"

"नाही. तीन तुकडे. मध्ये दोऱ्यासारखं."

ती बघत राहिली. मग फोनवर अगदी बारीक आवाज आला, "पिकलेली आहे, दादा. कच्ची नाही. तुझी आहे."

एक. एवढ्या शरीरात दिसली ती एक, नि पुढे दहा दिवस उरलेले.

"खाली तारीख घाल," ती म्हणाली, "नाहीतर गुण कापीन. आणि उद्या परत काढ. एक असली तर एकच."

उद्यासाठी कोरं पान फाडून खिशात ठेवलंय. त्यावर काय काढायला मिळेल ते मला सांगता येत नाही.