अंड्याला लावलेलं कुंकू

कोंबडीच्या अंड्याला कुंकू लावू नये. लालबागमध्ये तर मुळीच लावू नये. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझ्या सासऱ्यांवर भर दुपारी बनियनमध्ये अंडी घालून रस्त्याने चालायची वेळ आली नसती.

मी मूळची गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि गावही सुटलं. सासर मालवणी. पहिल्या जेवणाला ताटात माशाचं डोकं माझ्याकडे टक लावून बघत होतं आणि मी त्याच्याकडे. सासूबाईंनी ते उचलून स्वतःच्या ताटात घेतलं आणि मला काटे काढलेला तुकडा वाढला. त्या दिवसापासून मी या घराची इतकी उपकृत आहे, की कोणी काहीही सांगितलं तरी तोंडातून ‘हो जी’ आधी निघतं आणि विचार मागून येतो. (कधी कधी येतच नाही.)

आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बँटम कोंबड्यांची हौस. बँटम म्हणजे नेहमीच्या कोंबडीच्या निम्म्याने. हातात घेतली तर वाटतं, देवाने आधी नमुना करून बघितला असावा. चाळीच्या गॅलरीत बाबांनी त्यांची एक जोडी पाळली होती. कोंबडी जाई आणि कोंबडा हवालदार. हवालदार वीतभर उंच, पण छाती अशी काढून चालायचा की पोस्टमनसुद्धा त्याला वाट द्यायचा. उन्हाळ्यात एका दुपारी तो पाण्याच्या वाडग्याशी जो बसला तो उठलाच नाही.  सकाळचा पेपर बाबांनी गॅलरीत वाचायचं सोडलं.

आणि हवालदार गेल्यावर जाई खुडूक झाली. टोपलीत उबवायला बसली ती उठेना. बाबांनी हवालदाराच्या शेवटच्या दिवसांतली जपून ठेवलेली पाच अंडी तिच्याखाली सरकवली. अंडी विषमच ठेवायची, सम ठेवली तर उबत नाहीत, असा कोकणातला नियम. त्या दिवशी पेपर परत गॅलरीत आला.

शेजारच्या परबकाकी मनाने चांगल्या, पण बोलणं विळीसारखं. पाच-सहा दिवसांनी त्या गॅलरीतून जाता जाता म्हणाल्या, कोंबडा गेल्यावर कसली पिल्लं? पोकळ अंडी ती. बिचारी उगाच उपाशी बसलीय. बाबांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि आत गेले.

त्यावर आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. (सासूबाईंना मी आई म्हणते.) हळूच म्हणाल्या, “तू गावची. तुका ह्यातला कळता मां? बघ जरा, जीव आसा की नाय. नसलो तर आत्ताच सांगूया त्यांका. रोज थंयच बसतत, माका बघवत नाय.”

आता खरं सांगायचं तर आमच्या घरी शेळ्या होत्या. एक म्हैस होती. कोंबड्या शेजाऱ्यांच्या, आणि त्यांच्याशी माझा संबंध म्हणजे वाळवणावरून हाकलण्यापुरता. पण हे सगळं आठवेपर्यंत ‘हो जी’ निघून गेलं होतं.

नवरा हिंदमाताला साड्यांच्या दुकानात. त्याला फोन केला, तर त्याने गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस अंधारात अंड्याच्या मागे टॉर्च धरून दाखवत होता. लाल शिरा दिसल्या तर आत जीव, नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं रिकामं. सोपं होतं. फक्त लालबागमध्ये दुपारी अंधार आणायचा कुठून? आमच्या खोलीला दोन खिडक्या, आणि दार लावावं तर चाळीतले विचारायला येतात, सगळं ठीक आहे ना.

म्हणून मी भर उन्हाळ्यात गोधडी घेतली.

आई-बाबा झोपलेले, जाई दाणे टिपायला उतरलेली. पाच अंडी पातेल्यात घेऊन मी कॉटवर गोधडीच्या आत शिरले. मोबाईलचा टॉर्च लावला आणि पहिलं अंडं त्यावर धरलं. घाम डोळ्यांत उतरत होता. वाटलं, काही दिसणार नाही, दिसलं तरी मला कळणार नाही.

अंडं पेटलं. दिव्यासारखं, आतून. आणि त्या केशरी उजेडात लाल शिरा पसरलेल्या, पिंपळाच्या वाळक्या पानाला असतात तशा बारीक. त्यांच्या मधोमध एक काळा ठिपका, तांदळाच्या दाण्याहून लहान. तो हलत होता. थांबत होता आणि परत हलत होता. मी श्वास धरला. हवालदार गेला, त्याचं पाण्याचं वाडगंसुद्धा आईंनी घासून पालथं घातलं, आणि इथे माझ्या बोटांत त्याचं काहीतरी धडधडत होतं. माझा हात आपोआप डोक्यावरून पदर घ्यायला गेला. पदर नव्हता, मॅक्सी होती. पण गोधडी होतीच डोक्यावर, तेवढी लाज राखली गेली.

एकामागून एक चार अंड्यांत जीव होता. पाचव्यापर्यंत माझे डोळे इतके भरून आले होते की त्यात मला नुसता पिवळा उजेड दिसला. रिकामं, मी ठरवलं. पण काढलं तर चारच उरतील, सम होतील, म्हणून ते राहू दिलं. आता जिवंत कुठली हे ओळखायला खूण हवी. पेन सापडेना. माहेरी म्हैस गाभण राहिली की माझी आई तिच्या कपाळाला कुंकू लावायची. देव्हाऱ्यातला करंडा हाताशीच होता. चारही अंड्यांना मी एकेक बोट लावलं, सगळी टोपलीत ठेवली, आणि असली बातमी कोरड्या तोंडाने कशी सांगायची म्हणून आईंना न उठवता पेढे आणायला गेले.

इथे मी एक गोष्ट विसरले. गोंदियाकडे काय समजतात ते असो, पण कोकणातल्या माणसाला घराच्या उंबऱ्याजवळ कुंकू लावलेलं अंडं दिसलं, तर त्याचा अर्थ एकच होतो.

मी पेढे घेऊन आले, तर दारातच आई मीठ-मोहरी मुठीत घेऊन उभ्या. मागे परबकाकी. मी चप्पल काढायच्या आत आईंनी माझी दृष्ट काढायला सुरुवात केली. परबकाकींनी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. कोणीतरी करणी केली होती. साधीसुधी नाही, मोजून केलेली. घरात माणसं चार आणि कुंकवाची अंडी चार. पाचवं सोडलंय, म्हणाल्या, म्हणजे घरातलं कोणीतरी माहितगार आहे. आणि बाबांना तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर पाठवलं होतं, ती चारही टाकून यायला.

माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा घसरला.

“आई, ते कुंकू...”

आईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. दृष्ट काढताना बोलायचं नसतं. मी परत तोंड उघडलं, त्यांनी मूठ परत पहिल्यापासून फिरवायला घेतली. तिसऱ्यांदा त्या पायाशी वाकल्या तशी मी वळले आणि जिन्याकडे पळाले. मागून परबकाकींचा आवाज आला, “बघा, बाधलंच हिला. मोहरी बघून पळाली.”

तिठ्यावर बाबा नव्हते. फुटलेली अंडीही नव्हती.  मसाल्याच्या गल्लीत शिरले, तर ओळखीच्या सावंतांच्या गिरणीबाहेर, मिरचीच्या पोत्यावर बाबा बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, आणि तिच्यावर दोन्ही हात, मांजराचं पिल्लू धरावं तसे.

“टाकूक नाय जमला गो,” ते म्हणाले. “हवालदाराची होती.”

मी धापा टाकत सांगितलं, “कुंकू मी लावलं जी.”

“कित्याक?”

“जीव आहे म्हणून.”

त्यांनी चष्मा सरळ करून माझ्याकडे बघितलं. सुनेला खरंच बाधलंय की काय, हेही बघत असावेत. मग म्हणाले, “दाखव.”

अंधार पाहिजे होता. सावंतांच्या गिरणीमागे मिरच्या ठेवायची बिनखिडकीची खोली होती. बाबा, मी आणि ‘काय झालं, काय झालं’ करत सावंत, असे तिघं आत शिरलो आणि दार ओढलं. आत बेडगी, संकेश्वरी, सगळ्या जातींच्या मिरच्यांचा खकाणा नाकात घुसला. माझ्या बोटांत अंडं. तिघांनाही शिंक आलेली, त्या दोघांनी नाकं दाबून धरलेली आणि मी माझं खांद्यात खुपसलेलं. कारण एक जरी शिंकला असता तरी हवालदाराच्या वंशाचा मसाला झाला असता.

मी टॉर्च लावला.

शिरा दिसल्या. ठिपका हलला. सावंत दारातून अर्धे बाहेर वाकून ओरडले, “मशीन बंद कर रे!” गिरणी थांबली. कसलाच आवाज नव्हता. बाबांनी नाक सोडलं होतं, पण ते शिंकायचं विसरून गेले होते. तोंड उघडं, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत ते केशरी अंडं.

“हवालदारा,” एवढंच ते बोलले.

मग एकदम भानावर आले. अंडी गार होतील! त्यांनी शर्टाची बटणं काढली, बनियन पँटमध्ये नीट खोचली आणि चारही अंडी आत पोटाशी ठेवली. तसे दोन्ही हात पोटाखाली धरून, मागे रेलून, सावकाश पावलं टाकत ते घरी निघाले. पुढे मी, लोकांना बाजूला करत. चिवड्याच्या दुकानातून कोणीतरी विचारलं, काय काका, कितवा महिना? बाबा चालत चालत म्हणाले, “चार आसत. बाजूक व्हा.”

घरी आईंना पटवायला परत गोधडी काढावी लागली. आधी मी आणि आई शिरलो. मग आई बाहेरच येईनात, म्हणून बाबा शिरले. मग बाहेर एकट्या राहवेना म्हणून परबकाकी. एका गोधडीत चार घामाघूम माणसं आणि मधे उजळलेलं अंडं. आईंनी अंधारातच माझा हात चाचपून धरला. शेवटी परबकाकी हळूच म्हणाल्या, “आमच्या वेळेला आपल्या पोटातलं पण असं बघायला मिळालं नाही गो.”

अंडी परत जाईखाली गेली. माझा दर्जा एकदम वाढला. आई चाळभर सांगत सुटल्या, आमची सून अंड्याच्या आतलं वाचते. लोक माझ्याकडे पपई पिकली का, कलिंगड लाल आहे का, हे विचारायला यायला लागले. मी ‘हो जी’ म्हणत राहिले.

पुढे एका सकाळी टोपलीतून चिवचिव आली. सगळे धावले. कुंकवाची चारही अंडी शांत होती. फुटलं होतं ते पाचवं! मी रिकामं ठरवलेलं. बाकीची चार लालबाग फिरून आली, हे एकटं जाईच्या उबेत बसून राहिलं, म्हणून तेच आधी बाहेर आलं. कुंकवाची पिल्लं त्याच्या मागाहून निघाली, सगळीच्या सगळी. बाबा टोपलीपाशी मांडी घालून बसले आणि जेवायलाही उठेनात. कापसाच्या बोंडाएवढी ती पिल्लं त्यांच्या अंगठ्यावर चोच मारून बघत होती.

पहिल्याच्या कपाळाला आईंनी स्वतः कुंकू लावलं. मोठं झाल्यावर तो कोंबडा निघाला, बापासारखाच छाती काढून चालणारा. बाबांनी त्याचं नाव ठेवलं रिकामा. रोज पहाटे तो गॅलरीत येतो, जागा बदलून बदलून बघतो, आणि शेवटी बरोबर माझ्या उशीजवळच्या खिडकीत उभा राहून बांग देतो. बाबा आतून कौतुकाने म्हणतात, “ऐकलंस गो? रिकामा बोलता.”

मी म्हणते, हो जी.