एक गाणं वाजलं की मशीन पास

मामांच्या दुकानात मी कामाला लागले त्या दिवशी मला एकच नियम सांगण्यात आला. "एक गाणं अख्खं वाजलं की मशीन पास. पास झालेलं मशीन परत उघडायचं न्हाय. आन् का, म्हणून विचारायचं न्हाय!"

दुकान कळंबला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. पुण्याच्या ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर मामा लॉटनं आणतात. आम्ही ते साफ करायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. पूर्वी ह्याच जागेत मामांचं कॅसेटचं दुकान होतं आणि रशीदचाचा कोपऱ्यात बसून टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. कॅसेटी गेल्या, टेपरेकॉर्डर गेले, चाचा तिथंच राहिले आणि टेस्टही तीच राहिली. मी बी.सी.ए. होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, महिन्याभरात ह्या दोघांना सुधारून टाकीन!

जुन्या मशीनमध्ये धूळ साठते तसे आमच्याकडं किस्से साठतात. अधूनमधून झटकले नाहीत तर आतला पंखा फिरायचा थांबतो. म्हणून झटकते. सुरुवात माझ्यापासूनच, कारण सगळ्यात जाड थर माझाच आहे.

*

पहिल्याच आठवड्यात एक मशीन काही केल्या माझं ऐकेना. की दाबली तरी स्क्रीन जशीच्या तशी. मी कीबोर्ड बदलला. रॅम काढून खोडरबरनं घासली. शेवटी मामांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "मदरबोर्ड गेलाय! तुमची गाण्याची टेस्ट ह्याला काय करणार?"

चाचा टेबलाखाली वाकले, एक केबल हातात धरली आणि ती कुठं जाते ते बोटानं दाखवलं. कीबोर्ड ह्या मशीनला होता आणि स्क्रीन शेजारच्या मशीनची!

"बेटा," चाचा म्हणाले, "सवाल इसकू पूछरई, जवाब उसका देखरई!"

त्या शेजारच्या मशीनवर मामांचं गाणं केव्हाच वाजून संपलं होतं. अर्थात, ते पास.

*

मामांचा आणखी एक आग्रह. धूळ उडवायला ब्लोअर मारायचा तर मशीन बाहेर लिंबाखाली न्यायचं. दुकानात मारायचा नाही. मला हे वेळखाऊ वाटायचं. प्रत्येक डबडं उचला, बाहेर न्या, परत आणा! मी काय हमाली शिकायला कॉलेजात गेले होते?

एके दुपारी मामा फोनवर होते. मी म्हटलं, एकच तर आहे. खोललं आणि दिला ब्लोअर मारून.

ते मशीन एका मसाला कांडप केंद्रातून दुरुस्तीला आलं होतं. आत धूळ नव्हती. लाल तिखट होतं!

पहिली शिंक माझी. दुसरी चाचांची. मग समोरचा टेलर कात्री टाकून पळाला. मामा काउंटरवर डोळ्यांना उपरणं लावून घळाघळा पाणी गाळत होते. तेवढ्यात खेड्यातनं आलेलं एक म्हातारं गिऱ्हाईक आत शिरलं. त्यांनी मामांकडं बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच स्टुलावर बसले.

"कवा गेलं?" त्यांनी विचारलं.

मामांना शिंकेशिवाय काही येईना. आजोबांनी त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला. "रडून घ्या. मोकळं होतं मानूस." मग त्यांचेही डोळे भरून आले. आधी दुःखानं, मग तिखटानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरच्या दोन बायका भाकरी-पिठलं बांधून घेऊन आल्या. मामांनी मला फक्त एवढंच सांगितलं, "आता तूच सांग त्यांना, कोण गेलंय ते."

*

एवढं होऊनही माझं डोकं ठिकाणावर येईल तर शपथ! माझं म्हणणं एवढंच होतं की सहा मिनिटांच्या गाण्यानं काही कळत नाही. मशीन तापू द्यायचं, त्याच्यावर भरपूर काम टाकायचं आणि मग बघायचं टिकतं का.

मामा एका लग्नाला गेले तो मुहूर्त मी साधला. दुकानातली झाडून सगळी मशीनं एकदम चालू केली. पंख्यांचा आवाज असा काही घुमला की मला वाटलं, आता कळंबचं विमानतळ होणार. मी हात बांधून मधोमध उभी.

खट्ट! अख्ख्या ओळीची लाइट गेली.

शेजारी पिठाची गिरणी आहे हे मला माहीत होतं. गिरणी आणि आमचं दुकान एकाच लायनीवर आहे हे माहीत नव्हतं. ज्वारीचे डबे घेऊन बायका आमच्या दारात. कुणाचं अर्धं दळण झालेलं, कुणाचं जात्याच्या तोंडाशी अडकलेलं.

"काय करीत हुतीस गं?"

"टेस्टिंग," मी म्हटलं. "सगळ्या मशीनवर लोड टाकला होता."

त्यातल्या एका मावशींनी डबा माझ्या टेबलावर आदळला. "मंग आता ह्याच्यावर लोड टाक! आन् दळून झालं की घरी आणून दे!"

त्या दिवसापासून माझ्या टेस्टवर बंदी आली. मामांनी बजावलं, "गाणं वाजलं की पास. इषय संपला."

*

आता गंमत बघा. टेस्ट माझी नको, पण डिग्री माझी हवी! मामांनी एक दिवस स्टिकर छापून आणले. 'ओके. तपासणार: कु. प्रज्ञा, बी.सी.ए.' विकलेल्या प्रत्येक मशीनवर ठळक अक्षरात मी!

"मामा, तपासता तुम्ही, नाव माझं का?"

"अगं, माझ्या नावाम्होरं काय छापू? नववी नापास?"

खरं सांगते, मला आतून लई भारी वाटलं. पहिला स्टिकर मी आमच्या फ्रिजवर चिकटवला. आई म्हणाली, "व्हय का? मग त्याचा बर्फ का होईना ते बघ."

पण हळूहळू बाजारात लोक मला ओळखायला लागले. भाजी घेताना मागून हाक, "ओ बीसीए, आमचा माउस अडकतोय!" एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "तूच का ती? पोराचं मशीन लई गरम होतंय." चुलतबहिणीच्या लग्नात तर कहर झाला. त्रिशरण-पंचशील झालं, परिणय झाला, फोटोसाठी मी स्टेजवर चढले. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे चुलते चार्जर घेऊन पुढं आले. "ताई, तुमच्याच हातचा लॅपटॉप हाय. चार्ज होत न्हाय बघा." फोटोग्राफरला काय, त्यानं बटण दाबलं.

अल्बमच्या पहिल्या पानावर नवरा, नवरी आणि त्यांच्या शेजारी हातात चार्जर धरून मी!

*

आणि मग येडशीच्या सविताताई आल्या. सोबत त्यांचे सासरे, आबा. ताईंना गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकायचं होतं. मामा आणि आबा बोलत बसले तेव्हा ताई माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आबांनी लई मिनतवारीनं हो म्हटलंय. मशीन बंद पडलं की दुकानबी बंद, असं ठरलंय. तेवढं नीट बघा हं ताई. तुमचं नाव वाचूनच आलेय."

दुकानात तेव्हा विकण्याजोगं एकच मशीन शिल्लक होतं. आणि मी सकाळीच नियम मोडून ते चालवून बघितलं होतं. तापलं की आपोआप बंद पडत होतं. पॉवर सप्लाय बदलायला हवा होता, त्या मापाचा दुकानात नव्हता, दोन दिवसांत येणार होता. मामांना मी तसं सांगितलंही होतं. मामा म्हणाले होते, "तू उघडलंसच कशाला?"

आता मामांनी गाणं लावलं. चाचांनी बशीत चहा ओतला. आबांनी मशीन घेताना फोडायला आणलेला नारळ पिशवीतनं काढून मशीनशेजारी ठेवला. गाणं अख्खं वाजलं, एकदाही अडकलं नाही.

"पास!" मामा म्हणाले. "प्रज्ञे, चिकटव स्टिकर."

"नाही."

"पावणे बसलेत."

"म्हणूनच नाही. दोन दिवस थांबू द्या त्यांना."

"बेटा, गाना पूरा बजा ना?" चाचा म्हणाले. "सबने सुना."

"चाचा, गाणं सहा मिनिटांचं आहे. ताईंचं दुकान दिवसभराचं आहे."

आबा मामांकडं वळले. "तुमच्यात पोरी लई बोलत्यात की वो!"

मामांचा चेहरा लाल झाला. "मी सांगतो ना! ह्या धंद्यात केस पांढरे झाले माझे. मशीन एक नंबर हाय. काय होत न्हाय त्याला. चिकटव!"

मी एक स्टिकर घेतला. माझं नाव खोडलं, डिग्री खोडली. 'तपासणार'च्या पुढं मोकळी जागा केली आणि पेनासकट मामांसमोर ठेवला.

"मग इथं तुमचं नाव लिहा मामा. मी आत्ता चिकटवते."

मामांनी पेनाकडं बघितलं. मग चाचांकडं. मी पेन चाचांपुढं सरकवला. चाचा बशीतला चहा फुंकायला लागले. तो केव्हाच निवला होता.

मी तशीच उभी राहिले. सविताताईही माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

आबांनी एकदा मामांकडं बघितलं, एकदा चाचांकडं. पेन कुणीच उचलेना. मग त्यांनी नारळ उचलला आणि गुपचूप परत पिशवीत ठेवला.