जहाजासाठी डबा

नागपूरच्या हायवेवर, जाम गावच्या चौकात आमची चहा-नाश्त्याची टपरी आहे. हायवेवरून कुणी नातलग जाणार असेल तर त्याला डबा पोचवायची आमच्याकडे रीतच आहे. गाडी मिनिटभर थांबते, खिडकीतून डबा आत जातो, ख्यालीखुशाली होते. आठ महिन्यांपूर्वी मुलगी याच चौकातून नागपूरच्या गाडीत बसली. मोठ्या प्रवासी जहाजाच्या किचनमध्ये तिला नोकरी लागली होती आणि ती मला मान्य नव्हती. तिची आई डबा घेऊन खिडकीशी गेली. मी भट्टीपुढून मानसुद्धा वर केली नाही. तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नव्हतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला मी.

मग एक दिवस तिने आईला कळवलं की जहाज गोव्याहून मुंबईला येताना रत्नागिरीजवळून, किनाऱ्याकडेने जाणार आहे, तेही दिवसाउजेडी. बायकोने तिळाची चटणी आणि दशम्या बांधल्या. मी येणार नाही असं सांगितलं आणि रत्नागिरीची तिकिटं दोघांची काढली.

किनाऱ्याकडेने म्हटल्यावर मी आपलं रस्त्याच्या कडेने समजलो होतो. दुपारी तीनपासून वाळूत येरझाऱ्या घालत होतो. बायको बसा म्हणायची, बसलो की लगेच उठायचो. एका कोळ्याला विचारलं, होडीतून डबा पोचवाल का. तो हसला, मग माझं तोंड पाहून त्याने हसू आवरलं. जहाज मध्ये थांबत नाही आणि होडीला जवळ फिरकू देत नाहीत, हे त्याने मला शांतपणे समजावलं. मी उलट त्याच्यावरच उखडलो. एसटी थांबते, ट्रक थांबतो, मग यालाच काय धाड भरली?

पाचच्या सुमारास ते आलं. हजारो माणसं मावतात म्हणे त्यात. मला ते पार तिकडे, साबणाच्या वडीएवढं दिसलं. बायको पदर हलवत राहिली. मी डबा घेऊन गुडघाभर पाण्यात शिरलो आणि ते जाईल तिकडे धावायला लागलो. लोक बघत होते. बघू देत. वीसेक मिनिटांत ते टोकाच्या डोंगराआड गेलं. मी त्या डोंगरावर, समुद्रावर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर चिडलो होतो.

सूर्य बुडायच्या आत बायकोचा फोन वाजला. मायलेकी थोडं बोलल्या आणि बायकोने फोन माझ्या हातात कोंबला.

“बाबा, मले काईच नाई दिसलं. मी खाली कणीक भिजवून राह्यलती, तिथं खिडकीच नाई,” मुलगी म्हणाली. “पन तुम्ही आलते ना?”

“आलतो.”

“मंग आता बोलसान ना माह्यासंग?”

मला रडू आलं. आठ महिने मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“जेवली का?” मी विचारलं.

नाही अजून, म्हणाली. पुढे दोघांनाही काही सुचेना, पण फोन कुणी ठेवला नाही.