पाच मिनिटांनी हरवलेला चंद्र

भिंगमावशींची चूक आजवर कुणी काढली नव्हती, आणि याचा त्यांना केवढा तोरा! एकतीस वर्षं त्या वेधशाळेच्या तळमजल्यावर, मोजणीच्या खोलीत बसत आल्या. दुर्बीण डोंगरावर, मावशी खाली. काम सगळं दिवसाढवळ्याचं. आदल्या रात्री काढलेली चित्रं सकाळी यायची, आकाशाच्या एकाच तुकड्याची, तासातासाच्या अंतराने तीन. मावशी ती पडद्यावर एकामागून एक टाकायच्या. तारे जागचे हलत नाहीत. मोठ्या ग्रहाच्या जोडीने जो ठिपका सरकेल तो त्याचा चंद्र. त्याची जागा मोजायची, वेळ लिहायची, वही मास्तरांकडे द्यायची. हे मास्तर म्हणजे कक्षा काढणारे गणिती. जेवायला चला म्हटलं तरी आधी फळ्याकडे वळायचे, म्हणून मास्तर. आणि मावशी पडद्यावरही नवऱ्याचं जुनं भिंग लावून बघायच्या, म्हणून भिंगमावशी. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा.

बारा वर्षांपूर्वी मावशींनी एक अगदी बारका चंद्र टिपला होता. यादीत त्याला नुसता क्रमांक, पण मावशी त्याला 'धाकटं' म्हणायच्या. दोन महिन्यांत तीन रात्री ते दिसलं, मग ग्रह सूर्याआड गेला. पुढच्या वर्षी मास्तरांच्या गणिताने जिथे असायला हवं तिथे बघितलं, तर पत्ता नाही. तेव्हापासून दरवर्षी मावशी शोधतायत आणि दरवर्षी हात हलवत परत येतायत.

निवृत्तीला महिना उरला असताना मास्तरांनी त्यांना बोलावलं. "बसा मावशी," म्हणाले. मास्तर एरवी कुणाला बसा म्हणत नसत.

"हे लांबचे चंद्र ग्रहाच्या घरचे नव्हेत," मास्तर खडू घेऊन सुरू झाले. "बाहेरून भटकत आले, ग्रहाने धरून ठेवले. पुढे धडकून फुटले. एकाचे तुकडे अजून जवळजवळ एकाच वाटेने फिरतात, तिरके, लांबोडके, कितीतरी तर ग्रह फिरतो त्याच्या उलट. तुमचं धाकटं कुठल्याच टोळीत बसत नाही. सापडतही नाही. मावशी, तो कॅमेऱ्यातला डाग असणार. नवी यादी शुक्रवारी निघते. त्यातून त्याला काढतोय."

"डाग?" मावशी उसळल्या. "एकतीस वर्षं मी काय डाग मोजत बसलेय? तीन रात्री सरकलंय ते!"

"मग आहे कुठे?" मास्तर म्हणाले.

तशाच तणतणत त्या नवऱ्याच्या दुकानात गेल्या. तिथे एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं म्हणून. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "लावलंत कशावरून?" गिऱ्हाइकाने घड्याळ खिशात टाकलं. ते गेल्यावर नवरा हसून म्हणाला, "घड्याळ बिचारं बरोबर असतं गं. ते वेळ कधीची सांगतंय, हे कुणी विचारतच नाही."

"कधीची..." मावशी पुटपुटल्या आणि पिशवी तिथेच विसरून पुन्हा वेधशाळेत.

बारा वर्षांपूर्वीची वही उघडली. पहिल्या दोन रात्री जुना कॅमेरा. दुर्बिणीवरचा माणूस हाताने चिठ्ठी लिहायचा, आणि कॅमेरा दहा मिनिटं उघडा राहिला तर त्याच्या मधली वेळ लिहायचा. तिसरी रात्र नव्या कॅमेऱ्याची, अगदी पहिलीच. तो वेळ आपली आपण छापायचा, पण झाकण उघडल्याची! महिन्याभराने हे ध्यानात आल्यावर मास्तर पाच-पाच मिनिटं जोडू लागले, पण ही रात्र त्याआधीची. मावशींनी छापलेला आकडा डोळे झाकून उतरवला होता. बाकीच्या चंद्रांना डझनावारी नोंदी होत्या, त्यांचं निभावलं. धाकट्याला तीनच होत्या, आणि त्यातली एक चुकीची. बारा वर्षांत त्या पाच मिनिटांनी गणित कुठल्या कुठे भरकटलं होतं.

वही मिटून ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? महिन्याभरात हारतुरे घेऊन घरी. मावशींच्या मनात हे आलं, खोटं कशाला सांगा. पण धाकट्याला डाग ठरवून पुसून टाकायचं? आपलं नाव राखायला? छे! त्या वही छातीशी धरून मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या एका दमात म्हणाल्या.

मास्तरांनी फळा पुसला. दुपारपर्यंत नवी जागा निघाली, पार ग्रहाच्या दुसऱ्या अंगाला. गेल्या वर्षी कुणीतरी भलत्याच कामासाठी आकाशाच्या त्या तुकड्याची चित्रं काढून ठेवली होती. मावशींनी ती पडद्यावर टाकली. एक, दोन, तीन. भिंग डोळ्याला लावलं.

तारे जागच्या जागी. आणि कोपऱ्यात एक फिकट ठिपका, ग्रहाच्या जोडीने इमानेइतबारे सरकणारा.

"अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तर तोवर नवी कक्षा ताडून बघत होते. "मावशी, उलट फिरणाऱ्या थोरल्या टोळीत चपखल बसतंय हो. गणगोत सापडलं त्याचं!" मग पेन उघडून म्हणाले, "यादीत लिहितो, कॅमेऱ्याच्या वेळेतला दोष."

"अजिबात नाही," मावशी म्हणाल्या. "मी न विचारता उतरवलं, तसंच लिहा. माझ्या जागी येईल तिला कळायला नको, काय विचारायचं ते?"

संध्याकाळी त्या दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "बोला बाई, काय बिघडलंय?"

"काही नाही हो. सापडलं," असं म्हणून मावशी चार गिऱ्हाइकांदेखत ढसाढसा रडल्या. बारा वर्षांचं ओझं उतरलं होतं. नवऱ्याने सगळ्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि दुकान बंद केलं.